शेरा लिहिण्याआधी

मैत्रिणींनो, आज माझ्या एका चुकीपासूनच सुरुवात करते.

कोपरगाव तालुक्यात गोदावरीच्या काठच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही चौघीजणी तिथे वह्या वाटायला गेलो होतो. दोन खोल्या, दोन शिक्षक, भिंतींवर रंगवलेली बाराखडी, दारात सदाफुलीची रोपं. मुलांनी स्वागतगीत म्हटलं, पाढे घडाघडा म्हणून दाखवले. निघताना गुरुजींनी शेरेबुक पुढे केलं. मी लिहिलं, परिसर स्वच्छ, विद्यार्थी शिस्तप्रिय, शैक्षणिक गुणवत्ता समाधानकारक. खाली झोकात सही ठोकली.

चौथीतली एक मुलगी आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आली. वडील ऊसतोडीवर मुकादमाकडे, आई शेतमजूर. तिच्या छातीशी आमचीच नवी वही होती. वहीवर मंडळाचं नाव छापलेलं. सहज म्हटलं, वाच बरं काय लिहिलंय. तिनं वहीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसून म्हणाली, वही. पुन्हा विचारलं तर तिनं पहिलं अक्षर ओळखलं आणि ती थांबली. चार वर्षं शाळेत जाणारी पोर! आणि मी पाचच मिनिटांपूर्वी गुणवत्तेवर सही करून आले होते.

त्या रात्री झोप लागेना. कपाटातून महात्मा फुले समग्र वाङ्मयाचा जाडजूड ग्रंथ काढला. कॉलेजात असताना अभ्यासाला होता तेव्हा परीक्षेपुरता वाचलेला. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेला हा ग्रंथ राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानं १९६९ मध्ये काढला. त्यात हंटर आयोगापुढचं जोतीरावांचं निवेदन आहे, एवढं आठवत होतं. खेड्यातली शाळा चांगली की वाईट हे कसं ठरवायचं, यावर एका माणसानं १८८२ साली काय काय सांगून ठेवलंय, ते मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं.

जोतीरावांचं चरित्र आपल्याला पाठ असतं. ११ एप्रिलला जयंती, फोटोला हार, भिडेवाडा, शेणगोळे, संपलं. पण त्यांचं आयुष्य शाळेच्या दारातून पाहिलं तर वेगळंच दिसतं. कारण शाळा सुटण्याचं दुःख त्यांनी स्वतः भोगलं होतं.

जन्म १८२७ चा, पुण्यातला. मूळ घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या वाड्यावर फुलं पुरवायचा धंदा, म्हणून फुले झाले. आई चिमणाबाई जोती वर्षाचाही नव्हता तेव्हाच गेली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्याला आईच्या मायेनं सांभाळलं. वडील गोविंदरावांनी त्याला मराठी शाळेत घातलं खरं, पण मुलगा शिकला की शेतीला निकामी होतो, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. झालं, शाळा बंद! पोरगा मळ्यात खुरपं घेऊन बसला. १८४० मध्ये नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या सावित्रीशी लग्नही लागलं. शेजारी राहणारे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांनी त्या मुलाची हुशारी पाहिली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसला. मधली काही वर्षं मात्र गेलीच होती. दोन शेजाऱ्यांनी मध्ये तोंड घातलं नसतं तर? आपण शेजारणी एकमेकींच्या घरातल्या भांडणात तोंड घालतो, पण कुणाच्या पोराची शाळा सुटली तर घालतो का, असं माझं मलाच वाटून गेलं.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला, हे आपण वाचलेलं असतं. त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे, ती मात्र आपल्याकडेसुद्धा फारशी कुणी सांगत नाही. त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. जोतीराव त्यांच्याकडे आले आणि तिथे त्यांनी अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई अमेरिकेतून येऊन नगरला मुलींना शिकवत होती. परक्या देशातली बाई आपल्या मुली शिकवते आणि आपण नाही, हे जोतीरावांना लागलं. पुण्याला परतून त्यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. आधी घरी सावित्रीबाईंना शिकवलं होतंच, आता त्या शिक्षिका झाल्या. म्हणजे एका शाळेला दिलेल्या भेटीतून दुसरी शाळा उभी राहिली. माझ्यासारखा शेरा लिहून ते परतले नाहीत.

पुढचं लिहिण्याची गरज नाही इतकं ते सर्वांना ठाऊक आहे. वडिलांनी १८४९ मध्ये घराबाहेर काढलं, सावित्रीबाईही बरोबर निघाल्या. पहिली शाळा बंद पडली. मग ३ जुलै १८५१ ला बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली. पाठोपाठ रास्ता पेठेत एक, वेताळ पेठेत एक. महार-मांग मुलांसाठी शाळा.

मला थांबावंसं वाटलं ते परीक्षांपाशी. या शाळांच्या परीक्षा चार भिंतींच्या आत होत नसत. १८५२ मध्ये आणि १८५३ मध्ये मुलींची जाहीर परीक्षा झाली, तीही गावासमोर. १८५३ च्या परीक्षेला दोनशेहून अधिक मुली होत्या आणि त्यांना पाहायला पुण्यात हजारो माणसं लोटली. ज्या गावात बाई रस्त्यानं शिकवायला निघाली की अंगावर शेण पडायचं, त्याच गावासमोर मुली उभ्या राहून उत्तरं देत होत्या. कुणीही ऐकावं, कुणीही पारखावं. पुण्यातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात तेव्हा आलं होतं की या मुलींच्या शाळांतलं शिक्षण सरकारी मुलांच्या शाळांपेक्षा सरस आहे आणि सरकारनं आता यावरून काहीतरी बोध घ्यावा. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. कँडी म्हणजे शिक्षण खात्यातले मराठीचे मोठे जाणकार, भाषेची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. अशा माणसापुढे परीक्षा देणं सोपं नव्हतं.

पण त्या शाळांची खरी पावती १८५५ ची. मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी, जोतीरावांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेली. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. ज्ञानोदय हे मासिक १८४२ मध्ये सुरू झालं तेही आपल्या नगरलाच, बरं का! तिनं त्या निबंधात विचारलं की वेद वाचायचा अधिकार आम्हाला नसेल तर आमचा धर्म कोणता. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल लिहिले. ते पाठांतर नव्हतं. स्वतःच्या वस्तीत पाहिलेलं स्वतःच्या शब्दांत कागदावर आणलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती वही छातीशी धरलेली पोर येत होती. तीन वर्षांत मुक्ता तिथे पोचली, आणि चार वर्षांत आमची ही पहिल्या अक्षराशी थांबली. हुशारी काही जात बघून कमी-जास्त होत नाही, तेव्हा फरक शाळेतच शोधायला हवा.

मधली पंचवीस-तीस वर्षं भराभर सांगते. १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा, १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह. त्यातल्याच काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला. १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज. पोट भरायला शेती, ठेकेदारी. पुणे नगरपालिकेत सभासदही होते. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र. या सगळ्यात माणूस शाळा विसरला असता तर कुणी दोष दिला नसता.

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांचा शिक्षण आयोग आला. पुढारी, प्राध्यापक, मिशनरी यांनी निवेदनं दिली. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला आपलं दिलं. स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली. सुरुवातीलाच नमूद केलं की मुलींच्या शाळेत मी आणि माझ्या पत्नीनं अनेक वर्षं बरोबरीनं काम केलं. सरकारी कागदात बायकोच्या कामाची अशी नोंद आजही किती नवरे करतात, सांगा!

मग मुद्दा. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरचे शिकले की विद्या झिरपत खाली येईल, हा समज त्यांनी खोडून काढला. शिक्षणासाठी म्हणून वेगळी पट्टी शेतकऱ्याकडून वसूल होते आणि ती शिक्षणाला पुरती लागत नाही. इलाख्यातल्या दहापैकी नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांना, शिकण्याची काहीच सोय नाही असं म्हणतात, हा आकडा त्यांनी पुढे ठेवला. शेतकऱ्याचं पोर शाळेत का टिकत नाही, तर गुरं राखायला, शेत सांभाळायला घरी हात लागतो. नुसतं दोष देऊन ते मोकळे झाले नाहीत. शिष्यवृत्त्या द्या, सहामाही बक्षिसं द्या, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचा कायदा केला १९१७ मध्ये, आणि देशभरासाठी सहा ते चौदा वयाचा शिक्षणहक्क कायदा झाला २००९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मधल्या किती पिढ्या गुरांमागे गेल्या!

आणि मग ते वर्गात शिरतात. खेड्यातले बहुतेक मास्तर शिकवण्याचं प्रशिक्षण न घेतलेले, पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच. अशा माणसाकडून काय अपेक्षा करायची? म्हणून पगार निदान बारा रुपये हवा, मोठ्या गावात पंधरा ते वीस. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे नांगराची मूठ धरायला त्यांना लाज वाटणार नाही आणि मुलांच्या घरची अडचण कळेल. गावचे हिशेब तपासणं, टपालाचं काम, असं काही त्यांच्याकडे द्यावं म्हणजे गावात त्यांना मान राहील. शिकवायचं काय, तर मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे धडे. खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा कमी असला तरी चालेल, पण उपयोगाला कमी पडता कामा नये. शाळेला जोडून छोटं नमुन्याचं शेत असावं. क्रमिक पुस्तकं बदलावीत.

तपासणीबद्दल तर त्यांनी माझ्यासाठीच लिहिलं होतं जणू. वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर येऊन जातो, त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. (आमची आजी त्यांना दिपोटी म्हणायची. दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी शाळा सारवून, पोरांना आंघोळ घालून तयार, असं ती सांगे.) निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी, आणि मध्येच केव्हातरी आगाऊ न कळवता जावं. गावच्या आणि तालुक्याच्या अंमलदारांवर विसंबू नये, कारण त्यांना हजार कामं. ते आलेच तर वरवर पाहून जातात. हे वाचलं आणि माझा शेरा आठवून कानशिलं तापली. स्वागतगीत, पाढे, सदाफुली. वरवर म्हणजे तरी दुसरं काय?

सगळंच मला पटलं असं नाही. ज्या मास्तरांची जास्त मुलं पास होतील त्यांना पगाराखेरीज खास भत्ता द्यावा, असं ते सुचवतात. त्या काळी दहा रुपयांत राबणाऱ्या माणसाला हुरूप यावा म्हणून ते ठीक असेल. पण भत्ता पासांच्या संख्येवर बेतला की जे पोर पास होण्याजोगं आहे त्याच्यावरच मेहनत होणार आणि मागच्या रांगेतलं मागेच राहणार, अशी मला भीती वाटते. युरोपियन इन्स्पेक्टरची देखरेख अधूनमधून हवी, हेही आज वाचताना खटकतं. आपल्याच वरच्या लोकांवर त्यांचा विश्वास का उरला नव्हता, हे मात्र आधीचं आयुष्य पाहिलं की कळतं.

आणि एक बायकी तक्रार. मुलींच्या शिक्षणाला या निवेदनात जागा किती, तर शेवटी एक विनंती, की स्त्रियांचं प्राथमिक शिक्षण अधिक उदारपणे वाढवावं. बस्स! ज्यांनी मुलींसाठी घर सोडलं त्यांनी एका वाक्यात आटोपावं? मी चिडलेच होते. नंतर वाटलं, मुलींचा धडा त्यांनी आधीच जन्मभर गिरवून दाखवला होता. या कागदावर त्यांना खेड्यातली शाळा मांडायची होती.

आयोगानं त्यांचं फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीला लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. डाव्या हातानं लिहून सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केलं. एकसष्टाव्या वर्षी हा माणूस पुन्हा अक्षर गिरवायला बसला! २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरण्यावरून वाद झाला तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते धरलं. त्यांनी काम चालूच ठेवलं आणि १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याही गेल्या.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या वस्तीवर गेले. एकटी, कुणाला न कळवता. एक शिक्षक कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलेले. दुसरे गुरुजी चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसलेले. पहिलीला मुळाक्षरं, चौथीला भागाकार, मध्येच खिचडीवाल्या मावशी तांदळाचं विचारायला येतात, मध्येच फोनवर कसलीतरी माहिती तातडीनं भरायला सांगतात. मला पाहून ते दचकले. मी म्हटलं, तपासायला नाही आले, बसायला आले. खोटं बोलले थोडं.

चौथीची मुलं घेऊन ओसरीवर बसले. आधी अक्षर, मग शब्द, मग दोन ओळींचा उतारा, मग छोटी गोष्ट. प्रथम संस्थेच्या असर पाहणीत गावोगाव मुलांचं वाचन असंच पायरी-पायरीनं पाहतात, ते मी ऐकून होते. त्याला खर्च लागत नाही, पण एकेका मुलाजवळ बसावं लागतं. काही जण गोष्ट फडफड वाचून गेले. ती मुलगी शब्दापाशी अडत होती. जोडाक्षर आलं की तोंडाकडे बघायची. हिशेब मात्र तोंडी बिनचूक. आईच्या आठवड्याच्या मजुरीचा हिशेब तीच ठेवते म्हणे. दरवर्षी गळीत हंगामात ती आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर जाते आणि चार महिने शाळा बुडते, हे मला तेव्हा कळलं. आमच्या तालुक्यात साखर कारखाने, बाहेरचे ऊसतोड मजूर इथे येतात आणि इथलं हे पोर दुसऱ्या तालुक्यात जातं.

गुरुजींना सांगितलं तेव्हा वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, मला ठाऊक आहे ताई, पण शेरेबुकात सगळे चांगलंच लिहून जातात, मग वर कुणाला सांगू? मी शेरेबुक मागितलं. माझ्या जुन्या शेऱ्याखाली लिहिलं की चौथीच्या इतक्या मुलांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, एक विद्यार्थिनी हंगामात चार महिने गैरहजर असते, आजच्या दिवशी चार वर्गांना एक शिक्षक होते. अक्षर या वेळी तितकं छान आलं नाही.

आता आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं तिथे जातो, एकेका मुलाला जवळ घेऊन वाचायला बसतो. हंगाम सुरू झाला की तिला मावशीकडे ठेवायचं का, याची बोलणी तिच्या आईशी चाललीयत. आई अजून हो म्हणत नाही. मागे धाकटा भाऊ आहे, त्याला फडावर सांभाळणार कोण, हा तिचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. गुरुजींनी एवढंच सांगितलंय की याल तेव्हा सकाळच्या तासाला या, खिचडी झाली की बारकी पोरं पेंगतात. मी हो म्हटलं. वार मात्र सांगितला नाही.